पुस्तक तुमचं, टेबल माझं

श्रीगोंद्यात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकान नवऱ्याचं, मी शाळेत विज्ञान शिकवते. दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात दर रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण एक खेळ खेळतो. गावात कुणाला सांगायला गेलं की सांगणाराच घामाघूम होतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणारा नाही, हरणारा नाही. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होऊन बसतात. चालवणारा सांगतो की समोर नदी आहे, नदीवर पूल आहे, पुलावर कुणीतरी उभं आहे. मग एकेकाला विचारतो, "आता तुम्ही काय करता?" ज्याने त्याने आपापलं सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. मास्तरीण मीच.

हा खेळ मी पुण्यात बी.एड.ला असताना हॉस्टेलवर शिकले. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं, त्याची झेरॉक्स घेऊन मी लग्न होऊन इकडे आले. पुस्तकातली बर्फाची राज्यं आणि उडते सरडे आमच्या कामाचे नव्हते. मी माझं स्वतःचं दुष्काळी राज्य रचलं. त्यात कालवे होते, कालव्यांना फुटलेल्या चाऱ्या होत्या, आणि धरणाच्या तोंडाशी बसून सगळं पाणी अडवणारा एक राक्षस होता. ठिबकच्या नळ्यांच्या बंडलांवर प्लायवूड टाकून टेबल केलं. शत्रू म्हणजे तुरीचे दाणे, आपली माणसं म्हणजे मक्याचे. माझे फासे आणि मनातले बेत कुणाला दिसू नयेत म्हणून समोर कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातीचा पुठ्ठा उभा केला. त्या पुठ्ठ्याआड मी राजा होते. खरं सांगायचं तर राणी होते.

नियमांचं म्हणाल, तर पुस्तकातले पटले ते घेतले, नाही पटले ते सोडले. एक नियम मात्र पूर्ण आमचा. लढाई लागली की आधी कोणाची पाळी, यावरून पहिल्याच रविवारी भांडण झालं. पुस्तक म्हणतं, सगळ्यांनी फासा टाका, मोठा आकडा आधी. दाजींनी ते उडवून लावलं. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांचा टेम्पो आहे, आणि कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला जमीन आहे. त्या टोकाला इकडे सगळे टेल म्हणतात, आणि धरणाकडच्या टोकाला डोकं.

"कॅनालचा नियम काय हाय, मास्तरीनबाई? शेजपाळी. आधी टेलला पानी, मग वर वर येत डोक्याला. कागदावर हाय. पन डोक्यावरचे आधीच दारं उघडत्यात आन आमच्यापत्तुर नुसता गाळ येतो. इथं तरी टेलला पहिली पाळी द्या की."

झालं. मास्तरणीपासून सगळ्यात लांब बसेल त्याची पहिली पाळी, मग एकेक करत माझ्याकडे यायचं. लांबची खुर्ची दाराशी, डोक्यावर तापलेला पत्रा, शेजारी युरियाच्या गोण्या. तिथे आधी कुणी बसायला तयार नसायचं. नियम झाल्यावर त्या खुर्चीसाठी मारामारी व्हायला लागली, म्हणून दर रविवारी जागा बदलायच्या असं ठरलं.

आता अक्कांचं सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, दाजींची बायको, सरकारी दवाखान्यात सिस्टर. बाई कडक. इंजेक्शन देताना रुग्णाला ओरडायची परवानगी नसते. अक्का आणि मी जवळजवळ दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण सासूबाईंचा मोतीबिंदू. अक्कांनी आपल्या दवाखान्याच्या शिबिरात त्यांचं नाव लावून ठेवलं होतं. शिबिर पुढे गेलं, आणखी पुढे गेलं. सासूबाई पोळीऐवजी ताटाची कड मोडायला लागल्या, तेव्हा मी त्यांना उचललं आणि नगरला नेऊन ऑपरेशन करून आणलं. ऑपरेशन छान झालं. सासूबाईंना लख्ख दिसायला लागलं आणि आम्ही दोघी एकमेकींना दिसेनाशा झालो. मी केलं ते बरोबरच केलं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण घरात आमचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चाले. "त्यांना विचारा, चहा घेणार का." "त्यांना सांगा, घेतला." समोरासमोर बसून हे चालायचं. सणावारी तर नवऱ्याचा पोस्टमन होऊन जाई.

अक्का खेळात आल्या त्या अपघाताने. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, टेम्पोच्या खेपांत दाजींना रविवारचीही सवड मिळेना. हे सांगायला अक्का गोदामात आल्या. मला नाही, बाकीच्यांना सांगायला. शाळेतली माझी एक मैत्रीण खेळायची, ती म्हणाली, बसा की आजच्या दिवस दाजींच्या जागी. अक्का बसल्या. पदर खोचून, ड्युटीवर बसल्यासारख्या. मग खेळ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला आणि मला विचारावंच लागलं. खेळच तो आहे.

"अक्का, आता तुम्ही काय करता?"

कित्येक महिन्यांत मी त्यांना थेट विचारलेलं ते पहिलं वाक्य. पुठ्ठ्याकडे बघत अक्का म्हणाल्या, "मी कालव्याच्या दाराची चावी मागते."

हंगाम संपला, दाजी परत आले, अक्का काही उठल्या नाहीत. एक खुर्ची वाढवली. त्यांनी स्वतःसाठी एक म्हातारी पाटकरीण घेतली होती, कालव्याची दारं उघडणारी, कमरेला चाव्यांचा जुडगा, तोंडाने फटकळ. दुपारभर त्या पाटकरणीच्या तोंडून माझ्याशी बोलायच्या, मी त्यांच्याशी बोलायचे, भांडायचे, हसायचेसुद्धा. पाच वाजले, फासे डब्यात गेले, की परत "त्यांना सांगा." मला त्या पाटकरणीची फार माया होती. तिला काही झालं तर अक्का उठून जातील आणि आमच्यातला हा एवढा एक दरवाजाही बंद होईल, ही भीती मला प्रत्येक लढाईत असायची. म्हणून पुठ्ठ्याआड माझा फासा कधीकधी मला हवा तसा पडायचा. मास्तरीण कशाला झाले मग?

आणि मग तो केमिस्ट आला. कारखान्याच्या लॅबमध्ये नवीन लागलेला, पुण्याकडचा, गोड बोलणारा. त्याने हा खेळ ऑनलाइन खूप खेळला होता. पहिल्याच रविवारी तो अस्सल पुस्तक घेऊन आला, रंगीत चिकटपट्ट्या लावलेलं. बसल्यापासून त्याचं सुरू झालं. "मॅडम, हे असं नसतं." "मॅडम, यावर फासा लागतो." "मॅडम, शेजपाळी कुठल्या पानावर आहे?" मी शाळेत पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करते. हा गप्प होईना, कारण बिचारा खोटं बोलत नव्हता.

एकदा माझा पारा चढला. म्हटलं, "पुस्तक तुमचं, टेबल माझं. ज्याचं टेबल त्याचा नियम."

"मग मॅडम, आम्ही कशाला आहोत?" तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीच गोष्ट सांगा, आम्ही ऐकतो."

हे मला चावलं. मैत्रिणीने सुचवलं, हात वर करून ठरवा. ठरलं तर ठरलं. पुस्तकाप्रमाणे खेळायचं असं म्हणणारे केमिस्ट आणि मैत्रीण. मैत्रिणीने माझ्याकडे न बघता हात वर केला, ते मी अजून विसरलेले नाही. शेजपाळीच्या बाजूने दाजी आणि मी. राहिल्या अक्का. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पुस्तकापरमानं," अक्का म्हणाल्या, टेबलाकडे बघत. "नियम असला म्हंजी कोनाचं तोंड बघावं लागत न्हाई. कोनाच्या मनावर काय सोडायला लागत न्हाई."

हे कोणाला उद्देशून होतं ते युरियाच्या गोण्यांनाही कळलं. मी पुठ्ठा जरा सरळ केला आणि म्हटलं, बरं.

त्या दिवसापासून पुस्तकाने खेळायला लागलो. खोटं कशाला बोलू, खेळ काही वाईट झाला नाही. केमिस्ट हुशार होता, लढाया चुरशीच्या व्हायच्या. पण दाजींची पाळी फाशामुळे कायम शेवटी यायला लागली. "हितं बी गाळच," असं म्हणून ते तंबाखू मळत बसायचे. आणि माझे हात बांधले गेले. आता पाटकरणीला वाचवायला पुठ्ठ्याआडचा फासा उपयोगाचा नव्हता. अक्कांची नजर त्या पुठ्ठ्यावर सलाईनच्या थेंबांवर ठेवावी तशी असायची.

व्हायचं ते झालंच. राक्षसाशी शेवटची लढाई होती. सगळा खेळ त्या रविवारपर्यंत येऊन ठेपला होता. धरणाच्या तोंडाशी काळ्या साठलेल्या पाण्यात राक्षस, त्याच्याभोवती तुरीच्या दाण्यांची फौज. पाटकरीण सगळ्यांच्या पुढे गेली, कारण अक्का मागे राहणाऱ्यातल्या नव्हेत. राक्षसाने तिला एका फटक्यात आडवं केलं. पुस्तकाचा नियम असा, की पडलेला माणूस बेशुद्ध. त्याची पाळी आली की नुसता फासा टाकायचा. दहाच्या खाली पडला तर वाईट. तीनदा वाईट पडला की मेला. अक्कांचे दोन वाईट झाले होते.

तिसऱ्याआधी कुणीतरी तिच्यापर्यंत पोचायला हवं होतं. पोचू शकणारा एकच, केमिस्टचा वैद्य. पण फाशाने ठरलेल्या क्रमात वैद्याची पाळी अक्कांच्या नंतर होती. गंमत अशी, की त्या दिवशी दाराशी, अगदी टेलला, केमिस्टच बसला होता. शेजपाळी असती तर पहिली पाळी त्याची. पाटकरीण वाचली असती. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. दाजी तंबाखू मळता मळता थांबले.

केमिस्टचा चेहरा उतरला. त्याने भराभर पुस्तक चाळलं. "मॅडम, हे बघा, पुस्तकातच लिहिलंय. गेम मास्टरला वाटलं तर तो कुठलाही नियम बदलू शकतो. शेवटचा शब्द त्याचा. आजच्यापुरती शेजपाळी घ्या ना."

त्याच्या तोंडून हे ऐकायला मी किती रविवार वाट बघत होते! आणि आता ऐकलं तेव्हा मला काडीचा आनंद झाला नाही, कारण अक्का ताडकन म्हणाल्या, "न्हाई. माझ्यासाठी नियम बदलायचा न्हाई. ठरलं ते ठरलं. मला कोनाचे उपकार नको."

फासा उचलून त्यांनी मुठीत घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. नियम पाळला तर पाटकरणीचा जीव एका फाशावर. मोडला तर ती जगेल, पण अक्का पुन्हा या गोदामात पाय ठेवणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, पुठ्ठ्याआडची राणी. मला राग आला. एवढा सगळा अधिकार घेऊन बसले आणि तो वापरायची सोय नाही.

मी पुठ्ठा आडवा पाडला. माझे फासे, माझे कागद, सगळं उघडं पडलं.

"थांबा," मी म्हटलं. "नियम मी बदलत नाही. फासा तुम्हीच टाकायचा, सगळ्यांच्या समोर. वाईट पडला तर पाटकरीण मेली, मी बोटसुद्धा हलवणार नाही. पण पुस्तक म्हणतं बेशुद्ध, आणि बेशुद्ध माणूस आत कसा असतो ते पुस्तकाला माहीत नाही. तुम्ही रोज बघता. मी म्हणते, तिला एक श्वास शिल्लक आहे. एक वाक्य. एकदा हात हलेल, एवढंच. तुमच्याऐवजी मी काही ठरवणार नाही. अक्का, आता तुम्ही काय करता?"

बाहेर दुकानापुढून एक ट्रॅक्टर गेला, पत्रा थरथरला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, अक्का वैद्याला हाक मारतील. एका वाक्यात ते बसलं असतं. मीही मान्य केलं असतं.

अक्कांनी डोळे मिटले. मग दाजींकडे वळून, अगदी दमलेल्या म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या, "गाडीवाल्या, ही चावी घे. खालचं दार उघड. टेलचं. वरच्याला हात लावू नको."

दाजी खेळात गाडीवान होते. त्यांनी हवेतच हात पुढे करून चावी झेलली.

माझ्या अंगावर काटा आला. कारण राक्षसाचं मर्म तेच होतं. साठलेल्या पाण्यातच त्याचं बळ, वाहत्या पाण्यात तो तुरीच्या दाण्याएवढा. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. फक्त कितीतरी रविवारांपूर्वी, एका गावाची गोष्ट सांगताना, ओघात म्हटलं होतं की राक्षस वाहती चारी ओलांडत नाही, वळसा घालून जातो. ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. अक्कांच्या राहिलं. घरात माझ्या एका शब्दाला उत्तर न देणारी ही बाई इथे माझा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होती.

अक्कांनी फासा टाकला. टेबलाच्या मधोमध घरंगळत गेला. चार.

पाटकरीण मेली. मी ते मोठ्याने सांगितलं, कारण सांगायलाच हवं होतं. मक्याचा दाणा उचलून मी अक्कांच्या हातात दिला. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मराठी शिकवते, तिच्या येतंच.

मग क्रमाने पाळ्या आल्या. वैद्याने गाडीवानाला वाट मोकळी करून दिली, स्वतःच्या अंगावर वार घेत. शेवटची पाळी दाजींची, नेहमीसारखी. ते उभे राहिले. "उघडतो," म्हणाले, आणि फासा असा फेकला की तो गोणीवर आपटून खाली पडला. आम्ही सगळे टेबलाखाली वाकलो. अठरा!

"दार उघडलं," मी म्हटलं आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पाणी निघालं. आधी टेलला गेलं. साठलेलं सगळं हललं, वाहायला लागलं, आणि त्यात राक्षस..." मी पालथ्या हाताने तुरीचे सगळे दाणे टेबलावरून खाली लोटून दिले. ते फरशीवर पावसासारखे वाजले. दाजींनी अशी आरोळी ठोकली की नवरा दुकानातून काय पडलं म्हणून धावत आला. केमिस्ट उड्या मारत होता, पुस्तक केव्हा खाली पडलं होतं त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. "मॅडम, हे नियमात बसतं की नाही मला नाही माहीत," तो म्हणत होता, "पण मी असं कधी खेळलेलो नाही. कधीच नाही." दाजी त्याला मिठी मारून सांगत होते, "तुमच्या पुस्तकातली माझी पाळी शेवटची, म्हनून तर पानी माझ्या हातानं सुटलं." त्या दुपारी मला कुणी राज्य दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. होतंच माझ्याकडे.

अक्का मात्र बसल्या होत्या. हातातल्या मक्याच्या दाण्याकडे बघत, आणि हसत. त्यांना असं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

पाच वाजले. फासे डब्यात गेले. खेळ संपला होता, पाटकरीणही संपली होती. अक्कांनी पर्स उचलली, दाराकडे निघाल्या. वाटलं, आता दाजींना म्हणतील, त्यांना सांगा, मी चालले.

दारात त्या वळल्या. दाजींकडे नाही, माझ्याकडे.

"आज विचारलंस," त्या म्हणाल्या. "आईला नगरला नेलंस तवा का न्हाई विचारलंस?"

नवरा मध्ये पडायला पुढे सरकला. मी त्याला हाताने मागे सारलं.

"फोन केला होता मी," मी म्हटलं. "तुम्ही ड्युटीवर होतात. उचलला नाहीत."

"एकदा केलास! एकदाच! मी एकीच्या बाळंतपनात हुते. परत करायला काय झालं हुतं तुला?"

"परत करून काय, शिबिराची आणखी एक तारीख ऐकायची?"

"शिबिर माझ्या हातात हाय का गं? मी काय सरकार हाय का?"

"मग सासूबाईंनी आंधळं व्हायचं होतं का सरकारसाठी?"

अक्कांनी पर्स गोणीवर आदळली आणि परत आत आल्या. बाकीचे खुर्च्या गोळा करायचं नाटक करत भिंतीकडे सरकले. आम्ही दोघी प्लायवूडच्या दोन बाजूंना उभ्या होतो आणि दोन वर्षांचं सगळं एकमेकींच्या तोंडावर फेकत होतो, थेट, मध्ये कुणाला न घेता. मी माझ्या म्हणण्यावरून तसूभर हटले नाही, त्याही हटल्या नाहीत. मला इतका आनंद झाला होता की भांडता भांडता मध्येच हसू फुटेल अशी भीती वाटायला लागली, म्हणून मी आवाज आणखी चढवला.